इंजिन बदललेल्या जुन्या जीपचा क्लच: गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष कसा शोधावा

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवून ते पहिल्यांदा सुरू झाले की गॅरेजमध्ये पेढे वाटले जातात, आणि बहुधा त्याच संध्याकाळी रिव्हर्स टाकताना पहिला ‘खर्र’ आवाज येतो. माझ्याकडे महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप आहे. तिचे मूळ २१९९ सीसीचे हरिकेन पेट्रोल इंजिन कामातून गेले होते. हे इंजिन उंच असल्यामुळेच या जीपचे बॉनेट इतके वर आलेले दिसते. त्याच्या जागी मी प्यूजोच्या परवान्याखाली बनलेले २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन बसवून घेतले; तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स मात्र मूळचाच ठेवला. त्यानंतरच्या दीड महिन्यात तो गिअरबॉक्स तीन वेळा खाली उतरला, आणि त्यांतल्या दोन वेळा तो उतरवण्याचे काहीच कारण नव्हते, हे मला शेवटी कळले.

कारखान्यातून निघालेल्या गाडीत फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाचे जड चाक), प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी चकती), क्लच प्लेट (या दोघांमध्ये दाबली जाऊन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवणारी चकती), रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची बोटे ढकलून तो दाब काढणारे बेअरिंग) आणि पेडलची जोडणी ही सगळी एकमेकांच्या मापाने घडवलेली असतात. त्यामुळे तिथे क्लच बिघडला म्हणजे बहुधा एखादा भाग झिजलेला असतो आणि तो बदलला की काम होते. इंजिन बदललेल्या गाडीत हे गृहीतक चालत नाही. तिथे प्रत्येक भाग कोरा करकरीत असूनही क्लच सुटत नाही, कारण दोष भागात नसून दोन भागांमधल्या अंतरात असतो. म्हणून ‘नवीन प्लेट टाकून पाहू’ हा सल्ला अशा गाडीच्या बाबतीत सर्वांत महागात पडतो.

हाताशी काय असावे

साधने फार लागत नाहीत: स्टीलची पट्टी, व्हर्निअर कॅलिपर, फीलर गेज, चुंबकी बैठकीचा डायल गेज, मल्टिमीटर, चांगली बॅटरी, दोन भक्कम स्टँड आणि चाकांना लावायला लाकडी ओठंगणे. डायल गेज विकत घेण्याची गरज नाही, लेथवाल्याकडून एका दिवसासाठी मागून आणता येतो. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड लागल्याशिवाय डोकेही आत घालू नका.

कागदांमध्ये गाडीचे आणि नव्या इंजिनाचे अशी दोन्ही वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. इंजिन, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले क्लचभोवतीचे कवच), प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट कोणत्या गाडीची आहे, तिचा पार्ट नंबर काय आणि पावती कुठली, हे एका वहीत लिहून ठेवा. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेल्या भागांबाबत तर हे विसरूच नका, कारण तिथे दुकानदाराला गाडीचे नाव सांगितले की तो मूळ गाडीचाच भाग हातात ठेवतो. इंजिन बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येते, तेव्हा आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद हे काम क्लचच्या भानगडीत मागे पडू देऊ नका. गाडी ५० वर्षांहून जुनी असून तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचा विचार असेल, तर तो नियम मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहे हे इंजिन काढण्याआधीच लक्षात घ्या.

१. तक्रारीला नेमके नाव द्या

‘क्लच खराब आहे’ हे निदान नव्हे. तक्रारी चार प्रकारच्या असतात. पेडल पूर्ण दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत, म्हणजे क्लच सुटत नाही. पेडल सोडूनही ताकद पूर्ण पोहोचत नाही, म्हणजे क्लच घसरतो. सुटताना गाडी धक्के खाते, म्हणजे क्लच थरथरतो. आणि चौथी तक्रार केवळ आवाजाची असते. पहिल्या दोन तक्रारींची कारणे बहुतेक उलट असल्यामुळे एकीचा उपाय दुसरीला वाढवतो: पेडलच्या जोडणीतला रॉड आवळून क्लच सुटायला लागतो, पण त्याच आवळण्याने तो चढावर घसरायलाही लागतो.

तक्रार कधी होते हेही लिहून ठेवा: इंजिन थंड असताना की तापल्यावर, पहिल्या दिवसापासून की काही किलोमीटरनंतर. पहिल्या दिवसापासूनची तक्रार मापाकडे बोट दाखवते, नंतर सुरू झालेली तक्रार तेल, झीज किंवा सैल बोल्टकडे.

२. आधी बाहेरून पाहा: पेडलपासून फोर्कपर्यंत

हाताने पेडल हलके दाबा. सुरुवातीला ते विनासायास खाली जाते आणि मग विरोध जाणवतो. त्या मोकळ्या अंतराला पेडलचा खेळ म्हणतात. या जीपमध्ये तो साधारण २५ मिमी असतो. तुमच्या गाडीचे माप तिच्या मॅन्युअलमधून घ्या. खेळ शून्य असेल तर रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकलेले असते, क्लच घसरतो आणि बेअरिंग लवकर जाते. खेळ फार असेल तर पेडलचा बराच प्रवास वाया जातो आणि क्लच सुटत नाही.

आता एखाद्याला पेडल दाबायला बसवा आणि स्वतः खालून बॅटरी मारून पाहा. जुन्या जीपमध्ये पेडलची हालचाल चासी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेल्या एका आडव्या नळीतून फोर्कपर्यंत, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्यापर्यंत, जाते. या नळीच्या दोन्ही टोकांचे गोळे झिजलेले असतात, आणि पेडल दाबल्यावर आधी नळीच तिरकी होते, मग कुठे फोर्क हलतो. नवे इंजिन थोडे मागे, पुढे किंवा एका बाजूला बसले असेल तर नळी मुळातच तिरकी बसते, आणि नवे गोळे टाकूनही तिचा तिरकेपणा जात नाही.

याच वेळी इंजिनाकडेही लक्ष ठेवा. विलीज घराण्याच्या जीपमध्ये इंजिनाच्या मागच्या भागापासून चासीच्या आडव्या पट्टीपर्यंत एक आखूड ताणकेबल असते. रबरी माउंटिंगवर बसलेले इंजिन क्लच दाबताना आणि सोडताना पुढे-मागे सरकू नये, एवढेच तिचे काम. इंजिन बदलताना ही केबल कुठे लावायची हे कोणालाच सुचत नाही, म्हणून ती भंगारात जाते. मग पेडल दाबल्यावर अख्खे इंजिनच काही मिलिमीटर सरकते आणि तेवढा प्रवास क्लचला मिळत नाही. माझ्या जीपमध्येही ती नव्हती. नव्या जागी पट्टी वेल्ड करून ती लावली तेव्हा गाडी उचलतानाचे धक्के निम्म्याने कमी झाले, आणि तोवर मी त्या धक्क्यांचा दोष क्लच प्लेटला देत होतो.

शेवटी फोर्कच्या बाहेरच्या टोकावर आणि तो जिथून बाहेर येतो त्या बेल हाउसिंगच्या खिडकीच्या काठावर घासल्याची चकाकती खूण आहे का, ते पाहा. खूण असेल, किंवा फोर्कच्या रॉडचे आटे जवळजवळ संपलेले असतील, तर दोष आतल्या मापात आहे. रॉड आणखी आवळत बसू नका, थेट आठव्या पायरीकडे जा.

३. जोडणी हायड्रॉलिक असेल तर

मूळ गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा) आणि नव्या इंजिनाबरोबर आलेला स्लेव्ह सिलिंडर (फोर्कजवळचा) अशी जोडी जमवलेली असेल, तर आधी दोन्हींचे बोअर, म्हणजे आतले व्यास, मोजा. स्लेव्हचा प्रवास दोन्ही बोअरच्या वर्गांच्या गुणोत्तराने ठरतो. मास्टर पाऊण इंची आणि स्लेव्ह सात अष्टमांश इंची असेल, तर मास्टरच्या २५ मिमी प्रवासातून स्लेव्हला सुमारे १८.४ मिमी मिळतात. तोच स्लेव्ह एक इंची असेल तर फक्त १४.१ मिमी. पेडल लोण्यासारखे हलके लागते, गळती कुठेच नसते, आणि तरीही क्लच सुटत नाही. अशा वेळी लोक दिवसभर हवा काढत बसतात.

हवा खरोखर असेल तर पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर क्लच सुधारतो. स्लेव्ह उलटा बसवल्यामुळे त्याचा हवा काढायचा निपल खालच्या बाजूला आला असेल, तर हवा कधीच पूर्ण निघणार नाही. स्लेव्ह सोडवून निपल वर धरून हवा काढा.

४. इंजिनाची अर्थिंग तपासा

क्लचच्या लेखात विजेची गोष्ट कशाला, असे वाटेल. पण इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी इंजिन काढताना सोडवली जाते आणि पुष्कळदा परत लागतच नाही. रबरी माउंटिंगमुळे इंजिन चासीपासून तुटलेले असते, आणि स्टार्टरचा सगळा प्रवाह क्लचच्या आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. केबल तापते, आतले अस्तर वितळते आणि पेडल जड होऊन अडकायला लागते. नवी केबल टाकली तरी महिन्याभरात तेच होते. स्टार्टर फिरत असताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे चासीला जोडलेले टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर जाड पट्टी लावा.

५. क्लच सुटत नसेल तर तीन चाचण्या

पहिली चाचणी: इंजिन गरम, आयडलवर, गिअर न्यूट्रल. पेडल पूर्ण दाबा, मनात दहापर्यंत मोजा आणि मग सावकाश रिव्हर्स टाका. टी-९० मध्ये पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रो (गिअरांचा वेग आधी जुळवणारी यंत्रणा) नसल्यामुळे पेडल दाबल्या दाबल्या गिअर टाकला तर थोडी खरखर होणारच, तो दोष नव्हे. दहा मोजूनही खरखर झाली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट अजून फिरतो आहे.

दुसरी चाचणी: चावी काढून घ्या, पुढच्या चाकांना ओठंगणे लावा, दोन्ही मागची चाके स्टँडवर उचला, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) टू-व्हीलमध्ये, हँडब्रेक सोडलेला आणि गिअर तिसरा ठेवा. मदतनिसाने पेडल दाबून धरल्यावर मागचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवा. तो फिरलाच नाही, तर प्लेट मोकळी होत नाही: प्रवास कमी पडतो, प्लेट उलटी बसली आहे किंवा ती फ्लायव्हीलला चिकटली आहे. तो सहज फिरला आणि तरीही पहिल्या चाचणीत खरखर होती, तर क्रँकशाफ्टच्या टोकातल्या पायलट बुशवर, तिरक्या बेल हाउसिंगवर किंवा वाकलेल्या प्लेटवर संशय घ्या. घट्ट झालेला बुश गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक आपल्याबरोबर फिरवत राहतो, क्लच सुटलेला असला तरी.

तिसरी चाचणी मोजमापाची आहे. पेडल वर आणि पूर्ण खाली असताना फोर्कच्या बाहेरच्या टोकाचा प्रवास पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. बेल हाउसिंगला खाली झाकण असेल तर ते काढून, पेडल दाबलेल्या स्थितीत प्लेटच्या कडेला फीलर गेज घालून पाहा. प्रेशर प्लेट साधारण दीड ते दोन मिमी मागे सरकली की प्लेट दोन्ही बाजूंनी मोकळी व्हायला हवी. फट एकाच बाजूला मिळत असेल तर प्लेट वाकलेली आहे.

चिकटलेल्या प्लेटचा विचार विशेषतः कोकणात आधी करा. इंजिनाचे काम चालू असताना गाडी पावसाळाभर उभी राहते आणि प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरते. पेडल दाबून लाकडी दांडीने रात्रभर तसेच ठेवले तर ती कधीकधी आपोआप सुटते. सुटली नाही तर इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात, समोर कोणी नसताना, तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबून इंजिन सुरू करा आणि गाडी चालू लागल्यावर पेडल दाबलेलेच ठेवून ब्रेक लावा. गल्लीत हा प्रयोग करू नका.

६. क्लच घसरत असेल तर

खंबाटकीसारख्या घाटात वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करा, कारण प्रत्येक वेळी प्लेट जळते.

सर्वांत आधी पेडलचा खेळ पाहा, मग बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाला बोट लावून वास घ्या. काळे पातळ तेल असेल तर ते इंजिनाच्या मागच्या सीलमधून येते. गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्समधून. पेट्रोलच्या जागी डिझेल आले म्हणून क्लच घसरतो, असे मला दोन मेकॅनिकांनी सांगितले होते. ते माझ्या बाबतीत खरे नव्हते, कारण या डिझेलचा टॉर्क हरिकेनपेक्षा जास्त नाही. फ्लायव्हीलला फेसिंग मारून (पृष्ठभाग लेथवर तासून) घेतले असेल तर मात्र एक गोष्ट तपासा: काही फ्लायव्हीलवर प्लेट टेकते तो पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो पृष्ठभाग वेगवेगळ्या पातळीवर असतात. लेथवाल्याने फक्त आतला पृष्ठभाग खोल केला तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो. दोन्ही पृष्ठभाग सारखेच उतरले पाहिजेत.

७. आवाज आणि थरथर

न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर तो गिअरबॉक्सचा आवाज आहे. डिझेलच्या आयडलचे ठोके सैल गिअरांना हलवतात, म्हणून इंजिन बदलल्यावर तो नव्याने ऐकू येतो. स्प्रिंगवाली योग्य क्लच प्लेट वापरली की कमी होतो, पण पूर्ण जाईलच असे नाही. पेडलला हलका पाय लागताच किरकिर सुरू होते, ती रिलीज बेअरिंगची. गाडी गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबलेले आणि इंजिन चालू असतानाच आवाज येतो, तर पायलट बुश पाहा, कारण शाफ्ट थांबलेला आणि क्रँकशाफ्ट फिरता अशी स्थिती तेव्हाच असते.

थरथरीसाठी ताणकेबल, माउंटिंग आणि प्लेटवरचे तेल, याच क्रमाने जा.

८. उतरवलाच, तर मोजल्याशिवाय परत बसवू नका

जुन्या क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

पहिले माप पायलटचे. बेल हाउसिंगच्या मागच्या तोंडापासून बुशाच्या तोंडापर्यंतचे अंतर आणि गिअरबॉक्सच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे शाफ्ट बुशात शिरतो ती खोली. माझ्या जीपमध्ये इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये १२ मिमी जाडीची अॅडॉप्टर प्लेट बसवलेली होती. म्हणजे गिअरबॉक्स फ्लायव्हीलपासून तेवढाच मागे गेला होता: शाफ्टचे टोक बुशात जेमतेम टेकत होते, आणि रिलीज बेअरिंगही बोटांपासून १२ मिमी दूर राहिले होते. ते अंतर भरून काढण्यासाठी रॉड आवळत नेला होता, आणि क्लच सुटण्याआधीच फोर्क खिडकीच्या काठाला टेकत होता. पहिल्यांदा क्लच प्लेट बदलली गेली, दुसऱ्यांदा प्रेशर प्लेट, आणि दोन्ही वेळा फोर्कवरची घासल्याची खूण तिथेच होती. शेवटी लेथवर तेवढीच लांबी वाढवलेला बेअरिंगचा कॉलर आणि पुढे आलेला बुश करून घेतला. त्याचा खर्च पहिल्या प्रेशर प्लेटपेक्षा कमी आला.

दुसरे माप मध्याचे. डायल गेज फ्लायव्हीलवर बसवून त्याची सुई बेल हाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला लावा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. एकूण फरक ०.२५ मिमीच्या आत असावा. दोन मध्यांतले अंतर त्या फरकाच्या निम्मे असते. अॅडॉप्टर प्लेट केवळ बोल्टांवर बसवलेली असेल आणि तिला डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) नसतील, तर हे माप क्वचितच जमते. मध्य चुकला तर क्लच नीट सुटत नाही, गिअर आपोआप बाहेर येतो आणि प्लेटची नाभी तडकते.

याशिवाय क्लच प्लेट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) स्वतःच्या वजनाने सरकते का, तिची नाभी फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना लागत नाही ना, आणि प्रेशर प्लेटची बोटे एकाच उंचीवर आहेत का, हे पाहा. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर स्प्रिंगांचा फुगवटा बहुधा गिअरबॉक्सकडे येतो.

९. परत बसवताना

प्लेट मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट सर्वांत चांगला. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. स्प्लाइनवर ग्रीसचा पुसट हात पुरे. जास्त लावले तर ते फिरताना उडून प्लेटवर जाते. गिअरबॉक्स चढवताना बेल हाउसिंगच्या दोन भोकांत लांब स्टड लावा आणि त्यांवरून तो सरकवा. हात दुखला म्हणून गिअरबॉक्स क्षणभरही प्लेटच्या नाभीवर लोंबकळू देऊ नका. त्या एका क्षणात नवी प्लेट वाकते आणि पाचव्या पायरीतली पहिली चाचणी पुन्हा खरखर करते.

बसवून झाल्यावर पेडलचा खेळ आणि फोर्कचा प्रवास मोजून वहीत लिहा. पहिले काही शे किलोमीटर प्लेट बसत जाते तसा खेळ कमी होतो, म्हणून दर आठवड्याला तो तपासा आणि रॉड सैल करून पुन्हा मापावर आणा.